आखातातील नगर आणि विद्वत्सभांचा अधिकार

मे २००१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री डॉ. मुरली मनोहर जोशी यांनी खंभातच्या आखाताच्या तळाशी एका प्राचीन नगराच्या खुणा आढळल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २००२ मध्ये त्या नगराचे वयही सांगण्यात आले : सुमारे साडेनऊ हजार वर्षे. म्हणजे मोहेंजोदडोपेक्षा दुपटीने जुने. स्थळ कोणते, तर नर्मदा आणि तापी यांच्या मुखांसमोर, हजिऱ्याच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटर आत. सुरतकराने अभिमानाने मान ताठ करावी असाच हा प्रकार होता. ज्या शहराचा इतिहास सामान्यतः मोगलांचे बंदर, इंग्रजांची वखार आणि शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या एवढ्यावर आटोपतो, त्याच्या दारातच जगातील सर्वांत जुने नगर बुडालेले आहे, असे दिल्लीहून सांगितले गेले होते.

या घटनेला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला त्या नगराच्या खरेखोटेपणाहूनही एका वेगळ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. प्राचीन अवशेषांविषयी असा दावा केला जातो तेव्हा तो मान्य अथवा अमान्य करण्याचा अधिकार कोणाचा? सरकारचा, न्यायालयाचा, की त्या शास्त्रातील जाणकारांनी आपल्यासाठी उभारलेल्या संस्थांचा? आणि या संस्थांचा हात कोठवर पोहोचतो? परंतु हा प्रश्न नीट समजावा म्हणून आधी आखातात काय सापडले ते पाहू.

चेन्नई येथील राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आखाताच्या पाण्यातील प्रदूषणाची पाहणी करीत होती. जहाजावरून तळाकडे ध्वनिलहरी सोडावयाच्या आणि परतून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र तयार करावयाचे, अशी ही पद्धत आहे. या चित्रांत ३० ते ४० मीटर खोलीवर, एका लुप्त नदीच्या पात्राच्या काठाने सुमारे ९ किलोमीटरपर्यंत काटकोनी आकृत्या दिसल्या. घरांचे पाये असावेत तशा, एक मोठा हौद असावा तशी, तटबंदी असावी तशी. मग तळावर यंत्राने ओरबाडून नमुने वर काढण्यात आले. त्यांत खापरांसारखे तुकडे, मण्यांसारखे दगड, हत्यारांसारखे दगड आणि लाकडाचे तुकडे होते. ‘सारखे’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहोत, कारण पुढचा सारा वाद त्या एका शब्दात साठलेला आहे.

लाकडाचा तुकडा लखनौच्या बीरबल साहनी संस्थेकडे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेकडे कालनिर्णयासाठी गेला. कार्बन-१४ पद्धतीने एकीने इसवी सनापूर्वी सुमारे ५५०० आणि दुसरीने सुमारे ७५०० असा काळ दिला. जाहीर झाला तो अर्थातच दुसरा.

आता थोडा विचार करावा. शेवटच्या हिमयुगात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. हिम वितळत गेले तशी ती चढत गेली आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावली. तेव्हा आज जेथे ३०–४० मीटर पाणी आहे तेथे दहा हजार वर्षांपूर्वी जमीन होती, नद्या होत्या आणि झाडेही असणारच. त्या झाडांपैकी एखाद्याचा ओंडका गाळात पुरला गेला आणि आज वर आला, तर त्याचे वय साडेनऊ हजार वर्षे निघावे यात नवल नाही. त्यासाठी तेथे मनुष्य असण्याची गरज नाही, मग नगर तर दूरच. लाकडाचे वय हे लाकडाचे वय असते. ते घराचे वय ठरावयाचे असेल, तर ते लाकूड त्या घराच्या तुळईत, त्या घराच्या जमिनीवर, त्या घरातील खापरांच्या संगतीत सापडावे लागते. पुरातत्त्वशास्त्रात वस्तूपेक्षा वस्तूची जागा अधिक बोलते. यंत्राने ओरबाडून काढलेल्या ढिगात जागा उरतच नाही.

त्यातून हे आखात म्हणजे काही शांत तळे नव्हे. जगातील मोठ्या भरती-ओहोटीच्या स्थळांत त्याची गणना होते. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या चारही नद्या आपला गाळ त्यात आणून ओततात आणि भरतीचे पाणी तो सारखा घुसळीत असते. वर काढलेल्यांपैकी बऱ्याच वस्तू निसर्गतःच तसा आकार आलेले दगड व गाळाचे गोळे आहेत, ध्वनिचित्रांतील सरळ रेषाही यंत्रामुळे व तळाच्या घडणीमुळे दिसू शकतात, असे आक्षेप देशातील व परदेशांतील अभ्यासकांनी घेतले. या आक्षेपांत कोणीही तंत्रज्ञान संस्थेवर अप्रामाणिकपणाचा आरोप केलेला आमच्या वाचनात नाही, आणि आम्हीही तो करीत नाही. ती मंडळी समुद्राची जाणकार होती. त्यांनी जे पाहिले ते सांगितले. फक्त त्या दृश्याचा अर्थ लावणे हे वेगळे शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राच्या जाणकारांना विचारण्यापूर्वी पत्रकारांना बोलावले गेले.

आता कायद्याकडे वळू. आमचे आयुष्य सरकारी नियमांच्या सहवासात गेल्यामुळे कोणत्याही वादात प्रथम कायदा उघडून पाहण्याची सवय आम्हास लागली आहे, ती वाचकांनी सहन करावी.

पुरातत्त्वीय उत्खननाचे नियमन १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याने होते. विद्यापीठाला संरक्षित स्थळी उत्खनन करावयाचे तर परवाना लागतो. राज्य सरकारलासुद्धा असंरक्षित जागी उत्खनन करावयाचे झाल्यास केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते. परवाना देण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा. प्रस्तावांची छाननी होते ती केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाच्या स्थायी समितीत. हे मंडळ १९४५ साली, मॉर्टिमर व्हीलर महासंचालक असताना स्थापन झाले. सर्वेक्षण, विद्यापीठे आणि विद्वत्संस्था यांनी एकत्र बसून विचार करावा हा त्यामागचा हेतू होता, आणि त्यासाठी विद्वत्संस्थांच्या प्रतिनिधींना त्यात जागा दिली गेली. जागा मिळाली ती सल्ल्याची. मंडळाच्या नावातच ‘सल्लागार’ हा शब्द आहे आणि सरकारी व्यवहारात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे ज्याने एकदाही टिपणी लिहिली आहे त्यास सांगावे लागत नाही.

शिवाय हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जमीन होती. जहाजावरून तळाचे नमुने काढणे हे त्या अर्थाने उत्खनन ठरते काय, हा प्रश्न त्याच्या भाषेतून सरळ सुटत नाही. पाण्याखालील वारशासाठी युनेस्कोने जो स्वतंत्र करार संमत केला तो २ नोव्हेंबर २००१ रोजी, म्हणजे खंभातच्या दोन घोषणांच्या बरोबर मधल्या काळात. अवशेष शक्यतो जागेवरच राखावेत हे त्याचे पहिले सूत्र. भारत त्या वेळी त्यात सामील झाला नाही. सर्वेक्षणाची पाण्याखालील पुरातत्त्वाची स्वतंत्र शाखाही २००१ सालीच सुरू झालेली, म्हणजे तीही तेव्हा बाल्यावस्थेत होती.

राहिल्या विद्वत्संस्था. दिल्लीची इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी १९६७ सालची, तिचे ‘पुरातत्त्व’ हे नियतकालिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या छत्राखाली वाढलेली प्रागैतिहासिक व चतुर्थक अभ्यासाची संस्था, तिचे ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ हे १९७७ पासूनचे नियतकालिक. आणि आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळची म्हणजे गोव्यातील सागरी पुरातत्त्वाची सोसायटी, जी लोथलचे उत्खननकर्ते डॉ. एस. आर. राव यांनी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राहून उभी केली. याच गोव्याच्या केंद्राने १९८० च्या दशकापासून द्वारकेच्या समुद्रात पाणबुड्यांकरवी पद्धतशीर काम केले होते. म्हणजे बुडालेल्या वस्तीचा अभ्यास कसा करावा हे जाणणारी मंडळी याच पश्चिम किनाऱ्यावर होती.

पण या संस्थांना अधिकार कोणता? वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. हिशेबतपासनिसाला १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व लागते. डॉक्टराचे नाव नोंदवहीतून काढले तर त्याचा दवाखाना बंद होतो. पुरातत्त्वज्ञाला अशी सनद नाही. आमच्या वर उल्लेखिलेल्या कोणत्याही संस्थेचा सभासद नसलेला मनुष्य भारतात उत्खनन करू शकतो, आणि या संस्थांतील सर्वांत ज्येष्ठ सभासद परवान्यावाचून एक टोपली मातीही काढू शकत नाही. संस्था वार्षिक अधिवेशन भरवू शकते, आपल्या नियतकालिकात लेख घेऊ शकते अथवा नाकारू शकते, ठराव करू शकते. बस्स.

ही स्थिती नेहमीच उणिवेची वाटत असे असे नाही. याच्या उलट उदाहरण आपल्या गुजरातेतच आहे आणि त्यात मराठी माणसांचा भाग मोठा आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३४ साली पुरातत्त्व खाते निघाले. पहिले संचालक हिरानंद शास्त्री. (हिंदीतील विख्यात कवी ‘अज्ञेय’ हे त्यांचे चिरंजीव.) त्यांच्यानंतर धुरा सांभाळली ती अ. स. गद्रे यांनी. बडोदे राज्यातील महत्त्वाच्या शिलालेखांचा संग्रह त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला आणि संस्थान विलीन होण्याच्या सुमारास, १९४७ मध्ये, खात्याच्या तेरा वर्षांच्या कामाचा वृत्तांतही छापून ठेवला. संस्थान जाणार हे दिसत असताना दप्तर पुरे करून ठेवणारा अधिकारी आम्हास फार मोठा वाटतो.

याच काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारे शोधली होती. त्या शोधाचा पाठपुरावा व्हावा म्हणून दीक्षितांनी १९४१–४२ मध्ये गुजरातेत मोहीम पाठविली आणि तिचे नेतृत्व डेक्कन कॉलेजमध्ये नुकतेच रुजू झालेल्या तरुण ह. धी. सांकलिया यांच्याकडे दिले. मोहिमेचा अहवाल १९४६ साली छापला बडोदे राज्याने. दिल्लीत मराठी महासंचालक, पुण्यात गुजराती प्राध्यापक, आणि गुजरातेत मराठी राज्यकर्त्यांचा छापखाना! या त्रिकोणात कोठेही आचारसंहिता नव्हती, सनद नव्हती. जाणकार मूठभर होते, सारे एकमेकांना ओळखत होते, आणि काम करून अहवाल न देणारा मनुष्य दुसऱ्या वर्षी त्याच मंडळीत तोंड दाखवू शकत नव्हता. लाज हाच नियम होता.

मंडळी वाढली तशी लाज पातळ झाली. हे विधान कठोर वाटेल, म्हणून सुरत जिल्ह्यातीलच तारखा पुढे ठेवतो.

कामरेज तालुक्यातील जोखा आणि धातवा या दोन स्थळांचे उत्खनन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६० च्या दशकात केले. प्रा. र. ना. मेहता हे त्याचे सूत्रधार. जोख्याचा अहवाल १९७१ मध्ये आणि धातव्याचा १९७५ मध्ये विद्यापीठाच्या मालेत निघाला. धातवा हे प्राचीन लोहकामाचे ठिकाण. तेथील लोखंडाची रासायनिक तपासणीही अहवालात आहे. याच मेहतांनी शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा बौद्ध स्तूप, धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी, १९६० ते १९६३ या काळात खोदला आणि १९६६ मध्ये त्याचा ग्रंथ वाचकांच्या हाती दिला. आज स्तूप पाण्यात आहे आणि ग्रंथ कपाटात आहे.

आता दुसरे उदाहरण. सुरत जिल्ह्यातील मालवण (कोकणातील सिंधुदुर्गाचे मालवण नव्हे) हे हडप्पा संस्कृतीच्या दक्षिण टोकाच्या स्थळांपैकी एक. सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी आणि केंब्रिज विद्यापीठाचे ऑल्चिन यांनी ते १९७० मध्ये खोदले. दोघेही आपल्या शास्त्रातील अग्रगण्य. अहवाल निघाला १९९५ मध्ये. पंचवीस वर्षे! लोथलचे उत्खनन १९५५ मध्ये सुरू होऊन १९६२ पर्यंत चालले. त्याच्या अहवालाचे दोन भाग १९७९ आणि १९८५ मध्ये आले. या विलंबाची कारणे असतील : बदल्या, निधीची टंचाई, छपाई, इतर जबाबदाऱ्या. सरकारी खात्यात ही कारणे कशी साठत जातात हे आम्ही जाणतो. परंतु उत्खनन ही अशी एक क्रिया आहे की ती पुन्हा करता येत नाही. खोदताना स्थळ नष्ट होते आणि उरतो तो फक्त अहवाल. अहवाल नसेल तर पुस्तक वाचता वाचता त्याची पाने जाळीत जाण्यासारखा तो प्रकार होतो. अशा वेळी कोणती विद्वत्संस्था कोणाला जाब विचारू शकली? आणि सर्वेक्षणाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांना तर विद्यापीठांसारखा परवानाही लागत नाही. परवाना देणारा, खोदणारा आणि खोदकामाचा दर्जा ठरविणारा एकच असेल, तर तपासणी कोणी कोणाची करावयाची?

लोथलच्या संदर्भात मात्र विद्वानांच्या व्यवहाराची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. तेथील सुमारे २१४ मीटर लांब व ३६ मीटर रुंद अशा विटांच्या हौदास रावांनी गोदी म्हटले. १९६८ मध्ये लॉरेन्स लेश्निक या अभ्यासकाने अमेरिकेतील मानवशास्त्राच्या नियतकालिकात तो साठवणीचा तलाव असावा असे प्रतिपादन केले. रावांनी उत्तरे दिली, इतरांनी बाजू घेतल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी त्यात पुढे भर घातली, आणि गोदीच्या बाजूने नवे पुरावे अजूनही मांडले जातात. हा वाद शक्य झाला, कारण मोजमापे आणि प्राथमिक वृत्तांत सर्वांसमोर होते. कोणी मंत्र्यांकडे गेले नाही, कोणी मोर्चा काढला नाही. विद्वत्संस्थांचे बळ असते ते येथे.

परदेशांत याहून पुढची पावले पडली आहेत असे कित्येकदा सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. इंग्लंडमध्ये क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची संस्था १९८२ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये तिला राजसनद मिळाली. अमेरिकेत १९७६ च्या सोसायटीतून १९९८ मध्ये व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांची नोंदवही तयार झाली. सभासदाने आचारसंहिता मोडली तर चौकशी होते आणि नाव काढले जाते. पण तेथे ही गरज का उत्पन्न झाली हे पाहावे. इंग्लंडमध्ये यादीतील संरक्षित स्थळे सोडली तर जमीनमालकाच्या संमतीने कोणीही खोदू शकतो, सरकारी परवाना लागत नाही. १९९० पासून इमारती बांधणाऱ्यांनी बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च सोसावा असे धोरण आले आणि उत्खनन हा ठेकेदारीचा धंदा झाला. ठेका देणाऱ्याला ठेकेदाराची पारख हवी होती, ती संस्थेच्या सभासदत्वाने मिळाली. म्हणजे सरकार बाजूला राहिले म्हणून संस्था पुढे आली. आपल्याकडे सरकार सर्वत्र आहे, म्हणून संस्था मागे राहिली. आणि तेथेही नाव काढलेल्या मनुष्याला खोदण्यापासून कायद्याने रोखता येत नाहीच.

जपानचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, आणि ते अगदी खंभातच्या समकालीन आहे. शिनइची फुजिमुरा या गृहस्थांनी जपानातील मानवाचे अस्तित्व लाखो वर्षे मागे नेणारी दगडी हत्यारे एकामागून एक शोधून काढली. शालेय पुस्तकांत ती गेली. नोव्हेंबर २००० मध्ये ‘माइनिची’ वृत्तपत्राने छायाचित्रेच छापली : फुजिमुरा स्वतःच हत्यारे मातीत पुरीत आहेत! त्यानंतर जपानच्या पुरातत्त्वज्ञांच्या संघाने त्यांना काढून टाकले, विशेष समिती नेमली, आणि २००३ मध्ये दीडशेहून अधिक स्थळे बनावट ठरवून टाकली. पाठ्यपुस्तके बदलली. खंभातशी या प्रकरणाची तुलना आम्ही करीत नाही, कारण तेथे उघड फसवणूक होती आणि येथे ती नव्हती. आम्हास दिसते ते इतकेच की, जपानात दोष पकडला तो वृत्तपत्राने, पण झाडून साफ केला तो विद्वत्संस्थेने, आणि पुढची तीन वर्षे आपल्याच सभासदांच्या मानहानीची पर्वा न करता केला. रोखण्यात ती संस्था अपयशी ठरली. निस्तरण्यात नाही.

संस्था म्हणजे देवमाणसांचा मेळा असेही कोणी समजू नये. डिसेंबर १९९४ मध्ये नवी दिल्लीत जागतिक पुरातत्त्व परिषद भरली. अयोध्येच्या घटनेला दोन वर्षे होत होती. त्या विषयावर परिषदेत चर्चा करावयाची नाही असे ठरविण्यात आले, आणि शेवटच्या सत्रात पुरातत्त्वज्ञ पुरातत्त्वज्ञांवर धावून गेले. सांस्कृतिक वास्तूंच्या विध्वंसाचा विषय त्या परिषदेने अखेर घेतला तो १९९८ मध्ये क्रोएशियातील ब्राच बेटावर. ज्या प्रश्नावर समाजाला जाणकारांचे बोल सर्वाधिक हवे असतात, त्याच प्रश्नावर त्यांच्या सभा मौन पाळतात अथवा फुटतात. पुढे २००३ मध्ये अयोध्येचे उत्खनन झाले ते अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने, कोणत्या सभेच्या ठरावाने नव्हे.

मग पुरातत्त्वज्ञांसाठी दिल्लीत वकिलांसारखी सनदी परिषद काढावी काय? काही जाणकार तसे सुचवितात. आमचा अनुभव आम्हाला सावध करतो. अशी परिषद निघाली की तिच्या निवडणुका येतात, मग गट येतात, मग सनद कोणास द्यावयाची यात राज्याराज्यांचा वाटा येतो. खंभातसारख्या प्रकरणात ती परिषद मंत्र्यांच्या घोषणेपूर्वी बोलली असती असा भरवसा आम्ही देऊ शकत नाही. आम्हास त्यापेक्षा साधे उपाय रुचतात. मागील उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावाचून पुढील परवाना नाही, हे सूत्र सर्वेक्षणाने स्वतःच्या अधिकाऱ्यांसह सर्वांना कठोरपणे लावावे, आणि विद्वत्संस्थांनी दर वर्षी थकीत अहवालांची यादी, स्थळ, वर्ष आणि उत्खननकर्त्याच्या नावासह, आपल्या नियतकालिकात छापावी. या दुसऱ्या गोष्टीसाठी कोणत्याही कायद्याची, अनुदानाची वा मंत्र्याची गरज नाही. फक्त आपल्याच ज्येष्ठांची नावे छापण्याचे धैर्य हवे. ते धैर्य नसेल तर सनद मिळूनही काय होणार?

खंभातच्या नगराचे पुढे काय झाले? नंतरच्या वर्षांत तंत्रज्ञान संस्थेने पुन्हा पाहण्या केल्या, आणखी नमुने काढले. ग्रॅहम हॅन्कॉक या लोकप्रिय लेखकाने २००२ च्या आपल्या ‘अंडरवर्ल्ड’ या ग्रंथात त्यास मोठे स्थान दिले आणि त्यायोगे हे नगर जगभर गाजले. पुरातत्त्वज्ञांच्या जगात मात्र ते रुजले नाही. बहुसंख्य अभ्यासकांनी दावा स्वीकारला नाही. हाच विद्वत्संस्थांचा खरा अधिकार आणि हीच त्यांची सीमा. त्यांनी ‘नाही’ म्हटले, ते त्यांच्या नियतकालिकांत आणि वर्गांत चालले. बाहेरच्या जगात ‘साडेनऊ हजार वर्षे’ हा आकडा आजही फिरतो.

आणि या आकड्याचे आकर्षण कोणास नसते? आपल्या सुरतेच्या मराठी घराण्यांतच पाहा. आपले मूळपुरुष पिलाजीराव गायकवाडांबरोबर सोनगडास आले असे सांगणारी इतकी घराणी आम्हास माहीत आहेत की, त्या सर्वांचे पूर्वज खरोखरीच त्या फौजेत असते तर पिलाजीरावांना सोनगडच्या रानात दबा धरून बसावे लागले नसते, सरळ दिल्लीच गाठता आली असती. कोणी शंभर वर्षांमागे सरकारी नोकरीसाठी आले, कोणी गिरणीच्या कामासाठी, कोणी शाळामास्तर म्हणून. त्यात उणे काय? पण जुनेपणाचा मोह मोठा असतो, आणि तो एका घराण्याला होतो तसाच एका राष्ट्रालाही होतो.

दरम्यान आखाताच्या किनाऱ्यावर खरे पुरातत्त्व रोज हलते आहे. किम नदीच्या मुखाजवळचे भगतराव रावांनी १९५० च्या दशकात पाहिले, मालवण १९७० मध्ये खोदले गेले. त्यानंतर हजिऱ्याला बंदरे झाली, खाड्यांतील गाळ उपसला गेला, खारजमिनींवर कारखाने उभे राहिले. साडेनऊ हजार वर्षांचे नगर तेथे असो वा नसो, चार हजार वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दी लोकांच्या वस्त्या या किनाऱ्यावर होत्या हे अहवालांनी सिद्ध आहे. त्यांतील न खोदलेल्यांची गणती कोणी ठेवावी?

शहरातही तेच. तापीच्या पलीकडचे रांदेर हे सुरतेहून जुने बंदर. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले, त्याआधी त्याचा व्यापार दूरदूरच्या बंदरांशी चाले. तेथे आता जुनी घरे पाडून नवे मजले चढत आहेत. पायाच्या चरांत खापरे निघतात, रंगीत काचेचे तुकडे निघतात, क्वचित विटांची जुनी भिंत निघते. महसूल खात्यात असताना १८७८ च्या निधी कायद्याखालील कागद आमच्या टेबलावरून गेले आहेत. त्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. तो दहा रुपयांचा आकडा १८७८ पासून तसाच आहे. सोन्याच्या मोहरेसाठी तो सहज लागू पडतो. रांदेरच्या चरातील खापर मात्र दहा रुपयांचे कधीच भरत नाही, म्हणून ते कळविण्याची सक्ती कोणावर नाही आणि मातीच्या ट्रकबरोबर ते शहराबाहेर जाते.